व्हीएम सुरू व्हायला पाच मिनिटं: वेळ नेमका जातो कुठे?

पणजी-पर्वरीच्या किंवा वेर्ण्याच्या एखाद्या मध्यम ऑफिसातही आता तीन-चार सर्व्हर एकत्र बांधून त्यांवर सगळी व्हर्च्युअल मशीनं (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक), म्हणजे रोजच्या बोलण्यातले व्हीएम, चालवलेले सापडतात. हिशेबाचं एक, बिलिंगचं एक, हजेरीचं एक, आणि कुणीतरी कधीतरी 'बघूया' म्हणून बनवून विसरलेली आठ-दहा. त्यांच्या डिस्क कुठल्याच एका सर्व्हरमध्ये नसतात. सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एक सामायिक साठा केलेला असतो. एखादा सर्व्हर बसला तरी काम थांबत नाही, हा याचा मोठा फायदा. पण जे व्हीएम पूर्वी एकाच खोक्यात वीस-पंचवीस सेकंदांत उठायचं ते आता कधी दोन मिनिटं घेतं, कधी पाच, आणि का ते कुणालाच धड सांगता येत नाही.

"स्टोरेज स्लो आहे" हे उत्तर तयारच असतं. त्यापाठोपाठ "दहा गिगाबिटचा स्विच घेऊन टाकू" हा उपायही. उत्तर अर्धवट खरं असू शकतं. उपाय मात्र बरेचदा आंधळा असतो: स्विच येतो, बिल येतं, पाच मिनिटं तशीच राहतात. कारण मशीन उठताना साठ्याकडून जे मागत असतं त्याचा आणि स्विचवर छापलेल्या आकड्याचा संबंध फारच थोडा आहे.

एक डिस्क, दहा हजार तुकडे

या प्रकारच्या साठ्यांत सेफ ही मुक्त प्रणाली सगळ्यात जास्त भेटते, म्हणून दाखले तिचेच घेतो. सेज वाइल यांच्या सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामातून ती निघाली. तिच्यावरचा मूळ शोधनिबंध २००६ सालचा. आज व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स आणि ओपनस्टॅक या दोन्ही प्रणालींसोबत ती सर्रास वापरली जाते.

व्हीएमला आपली डिस्क सलग, एकसंध दिसते. खाली मात्र सेफ तिचे ४ एमबीचे तुकडे करतं. ४० जीबीच्या डिस्कचे होतात १०,२४० तुकडे. कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर, याची यादी कुठे ठेवलेली नसते. 'क्रश' नावाच्या एका गणिती नियमाने ती जागा दर वेळी काढता येते. प्रत्येक तुकड्याच्या साधारणपणे तीन प्रती, वेगवेगळ्या सर्व्हरवर. वाचताना त्यांतली एक मुख्य प्रत वाचली जाते. लिहिताना तिन्ही प्रती लिहून झाल्याचं कळल्याशिवाय व्हीएमला 'झालं' असं उत्तर मिळत नाही.

यातून दोन गोष्टी आपोआप येतात. प्रत्येक व्हीएम जवळजवळ प्रत्येक डिस्कला हात लावतं. आणि बहुतेक वाचनांना नेटवर्कवरून जाऊन यावं लागतं.

या जाण्यायेण्याचाच घोळ आहे. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट घ्या. बोट मोठी आणली तर एका फेरीत जास्त गाड्या जातील, हे उघड आहे. पण समजा चोडणच्या एका माणसाला रायबंदरच्या दुकानातून शंभर वस्तू आणायच्या आहेत, आणि पहिली वस्तू घरी नेऊन उघडल्याशिवाय दुसरी कुठली लागणार तेच त्याला कळत नाही. त्याच्यासाठी बोटीवर किती गाड्या मावतात याला काही अर्थ नाही. पलीकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो, गुणिले शंभर. बस.

मशीन उठण्याची प्रक्रिया अशीच आहे. बूटलोडर (मशीन उठवणारा पहिला छोटा प्रोग्राम) आपली सेटिंगची फाइल वाचतो, तेव्हा त्याला कळतं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठला. कर्नल फाइलप्रणाली जोडतो, तेव्हा पुढचा प्रोग्राम सापडतो. तो प्रोग्राम उघडला की त्याला लागणाऱ्या लायब्ररींची नावं कळतात. छोटी छोटी वाचनं, आणि बहुतेक आधीच्यावर अवलंबून.

हिशेब करून बघू. धरा की उठताना एकामागून एक १२,००० वाचनं होतात, प्रत्येकी ३२ केबीची. एकूण माल झाला साधारण ३८४ एमबी. एक गिगाबिटची केबल सेकंदाला १२५ एमबी नेते, म्हणजे नुसत्या वाहतुकीला ३ सेकंद. आता जाण्यायेण्याचा वेळ. एका वाचनाला अर्धा मिलिसेकंद लागला तर १२,००० वाचनांना ६ सेकंद. तेच ५ मिलिसेकंद लागले तर ६० सेकंद. दहा गिगाबिटचा स्विच त्या ३ सेकंदांचे ०.३ करेल. साठावर त्याचा फारसा परिणाम नाही. (प्रत्यक्षात लिनक्स काही वाचनं आगाऊ करून ठेवतं आणि बऱ्याच सेवा एकाच वेळी सुरू करतं, त्यामुळे खरा आकडा याहून बरा येतो. पण रोख हाच.)

म्हणूनच साठ्याची चाचणी घेणारे जो दणदणीत आकडा दाखवतात त्यावर मी फारसा विसंबत नाही. एफआयओ या हत्याराला एका वेळी ३२ किंवा ६४ मागण्या पाठवायला सांगितलं की कुठलाही साठा रुबाबदार दिसतो. बूटसाठी बघायचं ते उलट: ४ केबीचं विखुरलेलं वाचन, कॅशला (मेमरीत आधीच असलेल्या प्रतींना) वगळून, एका वेळी एकच मागणी. सेकंदाला २०० वाचनं आली तर एकेक ५ मिलिसेकंदांचं. २,००० आली तर अर्ध्या मिलिसेकंदाचं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यालाच सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात, वर हेड हलवण्याचा वेळ वेगळा. सेकंदाला शंभरेक वाचनं ही तिची मर्यादा, आणि कुठलंही सेटिंग ती वाढवत नाही.

कन्सोल उघडा आणि नुसतं बघत बसा

साठ्याकडे वळण्याआधी वेळ कुठे जातो ते डोळ्यांनी बघायला हवं. "व्हीएम उठायला वेळ लावतं" या एका तक्रारीत निदान चार-पाच निरनिराळ्या तक्रारी असतात, आणि लांबून एसएसएचने जोडायचा प्रयत्न करत बसलं तर त्यांतली एकही ओळखू येत नाही.

कन्सोल (व्हीएमचा पडदा) काळाच राहिला, एक अक्षरही नाही, तर मशीन उठायला लागलेलंच नाही. हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) डिस्कची इमेज उघडण्यात अडकलाय. आदला सर्व्हर अचानक मेला असेल तर त्याने इमेजवर धरलेलं कुलूप सुटायला वेळ लागतो. नवीन व्हीएम असेल तर टेम्प्लेटची (तयार नमुना-डिस्कची) कॉपी चालू असते, त्याबद्दल शेवटी.

पडद्यावर नेटवर्कवरून बूट करण्याचा प्रयत्न दिसला तर बूटचा क्रम चुकलाय. मशीन आधी डीएचसीपीची (नेटवर्कवरचा पत्ता देणाऱ्या सेवेची) वाट बघतं, कंटाळतं आणि मग डिस्ककडे येतं. क्रम बदलला की प्रश्न मिटला.

'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' या ओळीवर बराच वेळ थांबत असेल तर कान टवकारा. या टप्प्यावर लिनक्स अजून आलेलंच नसतं. आगाऊ वाचणारं कुणी नाही, मागण्या एकत्र करणारं कुणी नाही; बूटलोडर बायोसच्या मार्फत एक मागणी पाठवतो, उत्तर आलं की पुढची. साठ्याचा एकेका फेरीचा वेळ इथे उघडा पडतो. दोन सर्व्हरवर हाच टप्पा घड्याळ लावून मोजला तरी पुष्कळ कळतं.

त्यापुढचा वेळ व्हीएमच्या आतून मोजायचा. लिनक्समध्ये 'सिस्टमडी-ॲनालाइझ' ही आज्ञा कर्नलला किती आणि सेवांना किती ते वेगळं करून देते. तिचा 'ब्लेम' हा पर्याय लोकांना आवडतो, कारण त्यात दोषींची यादी दिसते. मला तो फसवा वाटतो. अनेक सेवा एकाच वेळी सुरू होत असतात, त्यामुळे यादीत सगळ्यात वर असलेल्या सेवेने कुणालाच खोळंबवलेलं नसू शकतं. 'क्रिटिकल-चेन' पाहावा, कोण कुणासाठी थांबलं होतं ते त्यात कळतं.

आकडा गोल असेल तर

इथे एक युक्ती, जी मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो. फर्मागुडीहून इंजिनिअरिंग करून आलेला मुलगा विचारतो, "सर, दर वेळी बरोबर ९० सेकंद जातात. डिस्क खराब?" नाही रे बाबा. मंद डिस्कचे आकडे वेडेवाकडे येतात, आज ४७, उद्या ८३, परवा १३१. रोज नेमके ९० येत असतील तर कुणीतरी कशाची तरी वाट बघतंय आणि ठरलेल्या वेळी नाद सोडतंय.

लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारा सिस्टमडी हा प्रोग्राम, जागेवर नसलेल्या डिस्कची वाट मुळात ९० सेकंद बघतो. कुणीतरी जुनी बॅकअप डिस्क काढून टाकली, पण कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलीतली तिची ओळ राहिली, की हे हमखास होतं. नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी नेटवर्कडीची सेवा १२० सेकंद थांबते. नव्या व्हीएमची जुळवाजुळव करणारा क्लाउड-इनिट हा प्रोग्राम कधी १६९.२५४.१६९.२५४ या (क्लाउडमध्ये सेटिंग मिळण्याच्या) पत्त्यावर कुणी उत्तर देतंय का ते शोधत राहतो, जरी आपल्या ऑफिसात तिथे कुणीच राहत नसलं तरी. डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) केलेली एक विचारणा फुकट गेली की ५ सेकंद, आणि अशा चार-पाच सेवा एकापाठोपाठ लागल्या की अर्धं मिनिट गेलंच.

डीएनएसचा एक प्रकार तर फारच गमतीचा. डीएनएस देणारं मशीन स्वतःच याच सर्व्हरवरचं एक व्हीएम असतं. रात्री लाईट गेली, यूपीएस संपला, पहाटे सगळं एकदम सुरू झालं. बाकीची मशीनं डीएनएसची वाट बघतायत आणि डीएनएस बिचारं त्याच गर्दीत डिस्कची वाट बघतंय. साठा यात दोषी आहेही आणि नाहीही.

संशय अजून साठ्यावरच असेल तर सरळ तुलना करावी. त्याच व्हीएमची एक प्रत सर्व्हरच्या स्वतःच्या एसएसडीवर ठेवून उठवा. तिथेही दोन मिनिटं लागली तर साठा सुटला. तिथे पंधरा सेकंद आणि नेटवर्कवर दोन मिनिटं, तर आता आत शिरायला हरकत नाही.

हिरव्या दिव्यामागची आजारी डिस्क

सेफची तब्येत विचारली आणि हिरवं 'ओके' आलं की बहुतेक लोक साठ्याला निर्दोष ठरवतात. पण सेफ 'मागणी रखडली' अशी तक्रार करतं ती मुळात ३० सेकंद झाल्यावर. एखादी डिस्क प्रत्येक वाचनाला १०० मिलिसेकंद घेत असेल तर ती तक्रारीच्या रेषेपासून कोसभर दूर आहे, आणि व्हीएमचं मात्र वाटोळं झालेलं असतं.

किती, तेही मोजता येतं. बारा डिस्क, अकरा निरोगी. निरोगी डिस्कचं वाचन १ मिलिसेकंदाचं, आजारी डिस्कचं १०० चं. तुकडे सगळीकडे सारखे विखुरलेले, म्हणून बारातलं एक वाचन आजारी डिस्कवर जातं. सरासरी निघते ९.२५ मिलिसेकंद. म्हणजे बारातली एक डिस्क बिघडली आणि सगळीच व्हीएम नऊपट मंद झाली. आपली १२,००० वाचनं १२ सेकंदांवरून १११ सेकंदांवर गेली. लिहिण्याची गोष्ट याहून वाईट: तीन प्रती असल्यामुळे ती डिस्क बारातल्या एका नव्हे, चारातल्या एका लिखाणात भाग घेते, आणि तिघींतल्या सगळ्यात मंद डिस्कसाठी सगळेच थांबतात.

साध्या पीसीत डिस्क बिघडली तर त्या पीसीचं नुकसान. इथे एकीचा त्रास सगळ्यांना थोडा थोडा वाटला जातो, म्हणून कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही आणि "सगळंच स्लो आहे" असं वाटतं. 'सगळंच' हा शब्द ऐकला की मी आधी एका डिस्कचा शोध घेतो.

शोध अवघड नाही. 'सेफ ओएसडी पर्फ' ही आज्ञा प्रत्येक डिस्कचा मिलिसेकंदांतला वेळ दाखवते. बाकी सगळ्या एक-दोनवर आणि एखादी ऐंशीवर असेल तर ती लगेच दिसते. एकदाच न बघता व्हीएम उठत असताना पुन्हा पुन्हा बघावं. मग त्या सर्व्हरवर जाऊन आयोस्टॅट या आज्ञेने खात्री करायची, आणि डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) बदललेले किंवा वाचता न येणारे सेक्टर वाढतायत का ते पाहायचं. सीआरसीच्या चुका (वाटेत माहिती बिघडल्याच्या) वाढत असतील तर डिस्क चांगली असून तिची केबल गेलेली असू शकते.

सापडल्यावर लगेच उपटून काढू नका. आधी तिची 'प्रायमरी ॲफिनिटी' शून्य करा. तिच्यावरच्या मुख्य प्रतींची जबाबदारी दुसऱ्या डिस्ककडे जाते आणि वाचनं तिला टाळू लागतात. माहिती जागची हलत नाही, त्यामुळे हा उपाय भर दुपारीही करता येतो. व्हीएम उठण्याचा वेळ एकदम खाली आला तर चोर पकडला गेला. लिखाणाचा त्रास मात्र चालूच राहतो, म्हणून रात्री तिला रीतसर बाहेर काढून माहिती इतरत्र हलवावी.

पिंग चालतं म्हणजे नेटवर्क ठीक, असं नाही

नेटवर्कचे दोष दोन प्रकारचे. एक उघड: केबल गेली, दिवा विझला. त्याला कुणी घाबरत नाही. दुसरा अर्धवट दोष, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत त्याची शक्यता जास्त.

गिगाबिट इथरनेटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात. पिनेवर गंज चढून एक जोडी गेली की कार्ड आणि स्विच आपसांत ठरवून १०० वर उतरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही. 'ईथटूल' ही आज्ञा ठरलेला वेग दाखवते; प्रत्येक सर्व्हरवर ती एकदा चालवायला मिनिटभर लागतं. त्याच आज्ञेत चुकलेल्या पाकिटांचे (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्यांचे) आकडे मिळतात. आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, ते महत्त्वाचं.

हरवलेलं पाकीट किती महाग पडतं ते बघा. छोटी मागणी एकाच पाकिटात जाते. ते वाटेत हरवलं तर मागून दुसरं येत नसल्यामुळे पलीकडच्याला काही चुकलंय हे कळतच नाही. पाठवणारा ठरावीक वेळ थांबून पुन्हा पाठवतो, आणि लिनक्समध्ये ही वाट साधारण २०० मिलिसेकंदांची असते. अर्ध्या मिलिसेकंदाच्या कामाला २००. शंभरात एक पाकीट हरवलं तरी १२,००० वाचनांत १२० वेळा ही वाट बघावी लागेल: २४ सेकंद. मोठी फाइल कॉपी करताना एवढ्याच हानीने काही फारसं जाणवत नाही, म्हणून कॉपीची चाचणी नेटवर्क निर्दोष ठरवते आणि बूट तरीही रडतो.

दुसरी खोच पाकिटाच्या आकाराची. साठ्याच्या नेटवर्कवर ९,००० बाइटची मोठी पाकिटं चालू करण्याची पद्धत आहे. सगळ्या सर्व्हरवर केली आणि मधल्या एका स्विचवर राहिली, की लहान पाकिटं जातात आणि मोठी गायब होतात. साधं पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का ते बघणारी आज्ञा) लहान असतं, ते मजेत चालतं. म्हणून पिंगला तुकडे करायला मनाई करून ८,९७२ बाइटचा माल पाठवायला सांगायचं. आयपी आणि आयसीएमपीची २८ बाइटची शीर्षकं मिळून बरोबर ९,००० होतात. प्रत्येक सर्व्हरवरून बाकीच्या प्रत्येकाकडे, आणि दोन्ही दिशांनी. एवढं करायचं नसेल तर सरळ १,५०० वर राहावं. बूटसाठी मोठ्या पाकिटांचा फायदा तसाही नगण्य आहे.

काहीच बिघडलेलं नसतं तेव्हा

पावसाळ्याच्या पहाटे लाईट येऊन तीस व्हीएम एकदम उठतात, तेव्हा सगळं निरोगी असूनही पाच मिनिटं लागू शकतात. तीस गुणिले १२,००० म्हणजे ३,६०,००० वाचनं. बारा फिरत्या डिस्क, प्रत्येकी सेकंदाला १००, म्हणजे एकूण १,२००. भागाकार केला की ३०० सेकंद. पाच मिनिटं.

मग एरवी हीच व्हीएम अर्ध्या मिनिटात कशी उठतात? कारण एरवी एखादंच मशीन रीस्टार्ट होतं आणि त्याला लागणारे बरेच तुकडे साठ्याच्या मेमरीत आधीच असतात. सेफची प्रत्येक डिस्क सांभाळणारी प्रक्रिया मुळात सुमारे ४ जीबी मेमरीचं लक्ष्य ठेवते आणि त्यातला मोठा भाग कॅशला जातो. लाईट गेली की ती कॅश रिकामी. म्हणजे आपण ज्याला नेहमीचा वेग समजत होतो तो कॅशचा वेग होता; डिस्कचा खरा वेग आज पहिल्यांदा दिसला.

त्याच वेळी साठाही आपली घडी बसवत असतो. उशिरा आलेल्या सर्व्हरला मधल्या काळातलं लिखाण पुरवायचं असतं, आठवड्यातून एकदा व्हायची खोल तपासणी राहिलेली असते. कुणाच्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असेल तर घड्याळ मागे पडतं. सेफच्या मॉनिटरांना (साठ्यावर देखरेख करणाऱ्या प्रक्रियांना) आपसांत ०.०५ सेकंदाहून जास्त फरक चालत नाही आणि तेही कुरकुरू लागतात.

यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमला सुरू होण्याचा क्रम आणि मधला थांबा देता येतो. डीएनएस-डीएचसीपी आधी, मग डेटाबेस, मग बिलिंग. 'बघूया' म्हणून बनवलेली मशीनं आपोआप सुरूच होऊ देऊ नयेत. एकूण वाचनं तेवढीच राहतात, पण नऊ वाजता ज्याची गरज आहे ते नऊला तयार असतं. पैसे खर्चायचेच असतील तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आणण्यात खर्चावेत, आणि त्या दुकानातल्या साध्या एसएसडी नकोत. लाईट गेली तरी हातातलं लिखाण पुरं करण्यापुरते कॅपॅसिटर ज्यांत असतात त्या हव्यात. सेफ प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्कं झाल्याची खात्री मागतं. साध्या एसएसडी ती देताना दर वेळी आतल्या चिपपर्यंत लिहायला थांबतात आणि खोक्यावर छापलेला वेग कुठल्या कुठे जातो.

टेम्प्लेट, साखळ्या आणि आयडीई

राहिलेली तीन कारणं झटपट. विंडोजचं व्हीएम बनवताना विर्टिओचा (खास व्हीएमसाठी बनवलेल्या डिस्क-प्रकाराचा) ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, म्हणून कंटाळा करून डिस्कचा प्रकार 'आयडीई' ठेवला जातो. त्या जुन्या यंत्राची नक्कल करण्यात वेळ जातोच, शिवाय मागण्या एकेकच जातात. विर्टिओवर आणा. मात्र आधी ड्रायव्हर घाला आणि मग प्रकार बदला, उलट केलंत तर निळा पडदा.

ओपनस्टॅकमध्ये नवीन व्हीएम पहिल्यांदा उठायला मिनिटं लागत असतील तर टेम्प्लेटचा प्रकार पाहा. इमेज क्यूकाउ-टू प्रकारची असेल तर सर्व्हर ती साठ्यातून उतरवतो, उलगडून कच्च्या स्वरूपात आणतो आणि मग पुन्हा साठ्यावर चढवतो. तीच इमेज आधीच कच्च्या स्वरूपात त्याच सेफमध्ये ठेवली असेल तर नुसता क्लोन होतो आणि त्याला क्षणभरच लागतो. कच्ची इमेज आकाराने मोठी दिसते म्हणून लोक टाळतात. रिकाम्या भागाचे तुकडे सेफ मुळात बनवतच नाही, तेव्हा भीती बहुतांशी निराधार आहे.

क्लोनचीही एक किंमत असते. क्लोनला स्वतःचा तुकडा नसेल तर तो मूळ टेम्प्लेटकडे बघतो. टेम्प्लेट स्वतः दुसऱ्याचा क्लोन असेल तर त्याच्याकडे. एक पायरी असेल तर काही वाटत नाही, उलट सगळ्यांचं मूळ एकच असल्यामुळे कॅशचा फायदा होतो. क्लोनचा क्लोन, त्याचा क्लोन अशी चार-पाच पायऱ्यांची साखळी झाली की एकेका वाचनामागे फेऱ्या वाढतात. अशा व्हीएमला 'फ्लॅटन' करून मूळापासून तोडता येतं. ते काम चालू असताना साठ्यावर ताण येतो आणि नंतर जागा वाढते. सेफ डिस्क ८५ टक्के भरली की इशारा देतं, ९० ला तिच्याकडे माहिती हलवणं थांबवतं आणि ९५ ला लिहूच देत नाही. म्हणून फ्लॅटन करण्याआधी सगळ्यात जास्त भरलेली डिस्क किती टक्क्यांवर आहे ते पाहावं. सरासरी ७० दिसत असताना एखादी ८४ वर असू शकते.